दोन शेख, एक रकाना

माझं काम नेमकं काय, हे अम्मीला सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. 'डेटाबेस' म्हटलं की ती मान हलवते आणि पुन्हा विचारते, "पन दिनभर करता क्या तू?" शेवटी एकदा तिला म्हटलं, बँकेत मोठमोठ्या खतावण्या असतात ना, तशा खतावण्या मी सांभाळतो. फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये असतात. ती लगेच म्हणाली, "मतलब लोगां की अमानत है. संभाल के."

पतसंस्थेच्या कागदावर ज्याला 'अनामत' म्हणतात तोच हा शब्द. अम्मीला माझं काम माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं. पण तिला एक गोष्ट मी कधी सांगितलेली नाही. ती आज इथे लिहितो.

२०११ साल. मी नवखा होतो. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी आणि एका मित्राने बनवलं होतं, पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये. जूनमध्ये मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. सभासदांच्या यादीत बरीच नावं दोनदा होती. जुनं पासबुक हरवलं की कारकून नवा सभासद क्रमांक देऊन मोकळे व्हायचे, त्याचा हा परिणाम. लाभांश वाटायच्या आधी यादी स्वच्छ करून हवी होती.

मी म्हटलं, एका तासाचं काम आहे. नियम सोपा ठरवला. नाव, पतीचं किंवा वडिलांचं नाव आणि जन्मतारीख या तिन्ही गोष्टी जुळल्या की माणूस एकच. अशा ४१ जोड्या निघाल्या. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या क्रमांकाचे व्यवहार पहिल्याकडे वळवले आणि दुसरी ओळ काढून टाकली. यादी स्वच्छ झाली. चहा पिऊन घरी आलो.

चौथ्या दिवशी मी संस्थेत बसलो असताना एक वयस्कर बाई आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं पासबुक काढलं. नातीला अकरावीला घालायचं होतं, फीसाठी पैसे काढायचे होते. कारकुनाने क्रमांक टाकला आणि म्हणाला, "आजी, हा नंबरच नाही. तुम्ही सभासद नाही." बाईंनी पासबुक उलटसुलट करून पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मेरा नाम तो शेखच है बेटा. देख जरा."

मी पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या गावात त्याच नावाच्या आणखी एक बाई होत्या. आडनाव शेख, पतीचं नावही तेच, आणि दोघींची जन्मतारीख १ जून, सालही एकच.

महाराष्ट्रात जुन्या माणसांची जन्मतारीख १ जून का असते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. जन्माची नोंद नसायची आणि शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि १ जून लिहून टाकायचे. शाळेत न गेलेल्यांच्या कागदांवरही पुढे कुणीतरी तीच तारीख घातली. माझ्या अब्बांचीही तीच तारीख आहे. माझ्या वर्गात माझ्याच नावाचा आणखी एक मुलगा होता. हजेरीत आम्ही 'शेख मोठा' आणि 'शेख छोटा' होतो. म्हणजे मला हे सगळं ठाऊक होतं. हीच चूक दुसऱ्या कुणी केली असती तर मी ताडकन म्हणालो असतो, 'याला आमच्या लोकांची नावं कुठे माहीत आहेत?' मी ते म्हणू शकत नव्हतो. नियम मीच लिहिला होता.

मग बॅकअपची आठवण झाली. दर रविवारी रात्री आपोआप बॅकअप निघायचा. तो कधी उघडून पाहिला नव्हता. चालू डेटाबेसला हात न लावता तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवला, एवढी अक्कल मात्र त्या दिवशी सुचली. उघडला तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. बॅकअप घेण्याच्या आज्ञेत अक्षरसंच 'लॅटिन-वन' असा राहून गेला होता. त्यात देवनागरीला जागाच नसते, म्हणून प्रत्येक चिन्हामागे एक प्रश्नचिन्ह पडतं. 'शेख'मध्ये श, मात्रा आणि ख, म्हणून तीन प्रश्नचिन्हं. 'पाटील' म्हणजे पाच. आकडे मात्र शाबूत होते. सभासद क्रमांक, व्यवहार, शिल्लक, सगळं होतं.

मी आणि संस्थेतले सर्वांत जुने कारकून दोन दिवस बसलो. त्यांनी कागदी सभासद रजिस्टर काढलं, सही-अंगठा, गाव, वारसाचं नाव वाचून दाखवलं आणि मी एकेक जोडी सोडवत गेलो. ४१ पैकी ३८ जोड्या खरोखर एकाच माणसाच्या होत्या. तीन जोड्यांत दोन-दोन माणसं होती. कारकुनांनी त्या तिन्ही जोड्या नुसत्या नावावरून ओळखल्या. "ही वरच्या आळीतली, ती दुसऱ्या गावची. मला आधी विचारलं असतं तर?"

हा प्रश्न अजून माझा पाठलाग करतो. ४१ जोड्यांची यादी छापून त्यांच्यासमोर ठेवायला किती वेळ लागला असता? अर्धा तास.

या धंद्यात शिकवतात की काही काढून टाकण्याआधी त्याच अटीने नुसतं निवडून बघा. मायएसक्यूएलमध्ये तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर आज्ञा दिल्याक्षणी बदल कायम होतो. म्हणून आधी 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' म्हणा, किती ओळी बदलल्या ते पाहा, पटलं तर 'कमिट' करा, नाही तर 'रोलबॅक'. टेबल इनोडीबी प्रकारचं असेल तरच हे चालतं. जुन्या मायआयसॅम टेबलात रोलबॅकला अर्थ नसतो. हे सगळं खरं आहे आणि मी रोज पाळतो. पण त्या दिवशी मी ते पाळलं असतं तरी बाईंचं खातं वाचलं नसतं. मी ४१ आकडा पाहिला असता आणि खुशीने कमिट केलं असतं, कारण माझा नियम बरोबर आहे याची मला खात्री होती.

म्हणून आता माणसांच्या नोंदी मी पुसत नाही. 'बंद' अशी खूण करतो. कुणी, कधी, काय बदललं याची वेगळी नोंद राहते. दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे प्रोग्राम फक्त सुचवतो, ठरवतो माणूस. कारण नाव सारखं म्हणून माणूस एक नसतो, आणि नाव वेगळं दिसलं म्हणून माणसं दोन नसतात. एकाच माणसाच्या कागदांवर महेबूब, मेहबूब आणि महिबूब अशी तीन रूपं मी पाहिली आहेत. हे फक्त आपल्याच नावांचं नाही. 'कऱ्हाडकर' हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र आणि पाय मोडल्यावर एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण संकेतांक जसेच्या तसे पडताळणाऱ्या प्रोग्रामला ती दोन वेगळी आडनावं वाटतात.

आणि बॅकअप. जो उतरवून पाहिला नाही तो बॅकअप नव्हे. मी महिन्यातून एकदा उतरवतो, आकडे जुळवतो आणि चार नावं डोळ्यांनी वाचतो.

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. बॅकअपचे पाच मार्ग होते, पण एकही धड चालत नव्हता. कुणीतरी सहा तास आधी हाताने काढलेली प्रत होती म्हणून निभावलं. पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. त्यांनी सगळं जगासमोर लिहिलं, दुरुस्ती सुरू असताना यूट्यूबवर थेट दाखवली, आणि त्या इंजिनिअरचं नाव घेऊन त्याला बदनाम केलं नाही.

ते वाचताना मला त्या बाई आठवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचे ११,२०० रुपये मिळाले. तोवर त्यांनी कानातलं गहाण ठेवून फी भरली होती. मॅनेजरसाहेब त्यांना म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये बिघाड झाला होता, आजी." बाई म्हणाल्या, "मशीनच है, होताय." मी शेजारीच उभा होतो. बिघाड कॉम्प्युटरमध्ये नव्हता. मी काहीच बोललो नाही.

आता माझ्या हाताखाली नवी मुलं येतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना ही गोष्ट सांगतो आणि एक अट घालतो. चूक झाली की 'सिस्टिममुळे झालं' असं म्हणायचं नाही. कुणी लिहिलं, कुणी चालवलं, ते सांगायचं. मी तुमच्यावर ओरडणार नाही.

बाई आता हयात आहेत की नाहीत, मला माहीत नाही. त्यांचा सभासद क्रमांक मात्र अजून पाठ आहे. आणि हे लिहून झालं की आज अम्मीला वाचून दाखवणार आहे.