कुंपणावरचा अडुळसा

घरांत तीन पिढ्या एकत्र नांदत असल्या म्हणजे सुखाप्रमाणें खोकलाहि वांटून घ्यावा लागतो. आमच्या घरीं हिंवाळ्यांत एकास तो जडला कीं चार दिवसांत ओटीपासून माजघरापर्यंत पोंचतो. आणि मग परसामागील कुंपणांत आपोआप वाढलेल्या अडुळशाची सर्वांस आठवण होते.

अडुळशाचें झुडूप पुरुषभर उंचीचें. पानें समोरासमोर, लांबट व टोंकाशीं निमुळतीं. फुलें पांढरीं, त्यांवर जांभळट रेघा. पानें कडू असल्यामुळें शेळ्यादेखील त्यांस सहसा तोंड लावीत नाहींत. आमच्या मातोश्रींचा कटाक्ष असा कीं, रस्त्याकडच्या धुळकट फांद्या सोडून आंतल्या बाजूचीं जून पानें खुडावयाचीं. तीं धुवून, केळीच्या पानांत गुंडाळून वाफवावीं, म्हणजे रस सहज सुटतो; नुसतीं कांडल्यास मोठ्या मिनतवारीनें निघतो. चमचाभर रस मधांत कालवून मोठ्या माणसांस द्यावा. वर्षाच्या आंतील मुलास मात्र मध वर्ज्य.

या पानांतील मुख्य द्रव्य ‘वासिसिन’. त्याचाच धागा धरून कफ पातळ करणारें ‘ब्रोमहेक्झिन’ हें औषध रसायनशास्त्रज्ञांनीं तयार केलें व तें १९६३ मध्यें प्रचारांत आलें. परंतु हेंच वासिसिन गर्भाशयासहि आंकुंचित करूं शकतें. म्हणून धाकट्या सूनबाई गरोदर असतां शेजारच्या काकूंनीं मायेनें आणलेला काढा मातोश्रींनीं परत पाठविला. काकू चार दिवस बोलल्या नाहींत. पण मातोश्री ढळल्या नाहींत.

दुसरा नकार आमच्या धाकट्या बंधूंच्या वांट्यास आला. रस घेतला कीं त्यांस रात्रीं झोंप लागे, आणि ‘आतां उतार आहे’ असें ते सांगत. पंधरा दिवस उलटतांच मातोश्रींनीं वाटी पुढें केली नाहीं. “पानाचें काम संपलें. आतां दवाखान्यांत जाऊन ये,” एवढेंच त्या म्हणाल्या. थुंकी तपासली, तों क्षय निघाला. सहा महिने नेमानें औषध घेऊन बंधु पूर्ण बरे झाले. दोन आठवड्यांवर टिकलेल्या खोकल्याची तपासणी झालीच पाहिजे. सरकारी केंद्रांत ती व क्षयाचें औषध दोन्ही मोफत मिळतात.

घरांतील मुलांमुलींस अडुळशाचें पान ओळखावयास शिकवितांना आम्ही हे दोन नकारहि त्याच वेळीं सांगून ठेवितों.