दक्षिण आफ्रिकेतली सायकल शर्यत आम्ही दोघं भाऊ का बघतो



मार्चमध्ये माझ्या पोस्ट कमी येतात म्हणून बऱ्याच जणांचे मेसेज येतात. बेदाण्याची गडबड हे कारण तर आहेच. दुसरं कारण ऐकून काहीजण हसतील. मार्चमधले आठ दिवस आमच्या शेडवर मोबाईलमध्ये सायकल शर्यत चालू असते. केप एपिक तिचं नाव. केप टाऊनच्या आजूबाजूच्या डोंगरात होते.

आधी शर्यत काय आहे ते थोडक्यात सांगतो. २००४ पासून चालू आहे. एक दिवस छोटी फेरी आणि मग सात दिवस सात टप्पे. अंतर साधारण सातशे किलोमीटर आणि एकूण चढ पंधरा हजार मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास पावणेदोन एव्हरेस्ट झाले. डांबरी रस्ता नावाला. सगळी दगडगोट्याची, वाळूची, फुफाट्याची वाट. रात्री तंबूत झोपायचं, सकाळी सातला परत सायकलवर. तिथले सात म्हणजे आपले साडेदहा, त्यामुळं सकाळची डिपिंग उरकून रॅकवर माल टाकला की आम्हाला बघायला सापडतं.

मी सायकलसाठी तिकडं गेलोच नव्हतो. २०१८ ला आमच्या पूर्व भागात पाण्याची बोंब सुरू झाली होती. केप टाऊन शहराचे नळ बंद करायची वेळ आलीय, त्या दिवसाला 'डे झिरो' म्हणतात, असं वाचलं होतं. तिथंही द्राक्षं आहेत हे माहीत होतं. मार्चमध्ये युरोपच्या बाजारात त्यांची आणि आपली द्राक्षं शेजारी शेजारीच असतात. म्हणलं, हे लोक बागा कशा जगवतात बघू. यूट्यूबवर शोधता शोधता एका व्हिडिओत हेलिकॉप्टरमधून द्राक्षबागा दिसायला लागल्या आणि ओळीच्या कडेनं सायकली पळताना दिसल्या. त्या दिवसापासून जे लागलं ते लागलं.

पाण्याचं मात्र एक कळलं ते सांगण्यासारखं आहे. शर्यत बऱ्याच वेळा जाते त्या ग्रॅबो-एल्गिन भागात सफरचंद आणि नाशपातीच्या बागा आहेत. तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेनं फेब्रुवारी २०१८ मध्ये आपल्या वाट्याचं दहा अब्ज लिटर पाणी केप टाऊनला दिलं. आपल्या हिशोबात साधारण ०.३५ टीएमसी. डे झिरो पुढं ढकलला गेला त्यात ह्या पाण्याचाही हात होता. टेंभू-म्हैसाळच्या आवर्तनाची वाट बघत, पाटावर एकमेकांशी भांडत ज्यांची उमेद गेली त्यांनी ह्याच्यावर जरा विचार करावा. मला तर ते वाचून रात्रभर झोप नव्हती.

शर्यतीचं चित्रीकरण बघताना माझं अर्धं लक्ष मातीकडं असतं. मार्चमध्ये त्यांच्या वाईनच्या बागांची काढणी चालू असते नाहीतर संपत आलेली असते. दोन ओळींच्या मध्ये बघा, बऱ्याच ठिकाणी वाळलेलं गवत पडलेलं दिसतं. पावसाळ्यात ओट किंवा रायसारखं पीक मधल्या पट्ट्यात पेरतात आणि पुढं तेच कापून अंथरतात. आपण पाचटाचं मल्चिंग करतो त्यातलाच प्रकार, फक्त त्यांनी जागेवरच पिकवलेलं. त्यांचा पावसाळा थंडीत, जून ते ऑगस्ट. वेल तेव्हा पूर्ण झोपलेला असतो. म्हणून त्यांना छाटणी एकच, हिवाळ्यातली. आपला वेल झोपतच नाही, म्हणून आपल्याला एप्रिलमध्ये काडीसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये मालासाठी गोड छाटणी. त्यांचा घड वाढतो कोरड्या हवेत, आपला फुलोरा सापडतो परतीच्या पावसात. डाउनीच्या फवारण्या मोजताना ही गोष्ट लक्षात ठेवायची. त्यांचं वेळापत्रक उचलून आपल्या बागेला लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं. (बेदाणा म्हणाल तर तो त्यांचाही आहे, पण तो लांब ऑरेंज नदीच्या काठाला, अपिंग्टनकडं. शर्यत तिकडं जात नाही.)

आता मुख्य गोष्ट. ही शर्यत एकट्याची नाही, जोडीची आहे. दोघांनी मिळून नाव द्यायचं, दोघांनी बरोबर चालायचं. वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड. आपल्याला जू माहीत आहे, त्यामुळं हे पटकन कळतं. एक बैल ओढतोय आणि दुसरा मागं राहतोय, तर नांगर सरळ जात नाही. चढावर ताकदवान गडी एका हातानं हँडल धरतो आणि दुसरा हात जोडीदाराच्या पाठीला लावून त्याला ढकलतो. त्याला मनाई नाही. आणि एकानं सोडलं तर दुसरा चालत राहू शकतो, पण क्रमवारीत त्याचं नाव राहत नाही.

हा नियम मी वाचून दाखवला तेव्हा धाकटा काहीच बोलला नाही. २०१९ पासून त्याच्या मणक्यात गॅप आहे. ब्लोअरवर बसता येत नाही, क्रेट उचलता येत नाही. त्याआधी फवारणी सगळी त्याचीच होती. आता पाणी, खताचा हिशोब, मजुरांचा पगार आणि तासगावचे बेदाणा सौदे त्याच्याकडं, रानातलं बाकीचं माझ्याकडं. आमचं चाललंय. पण गावात बोलणारे बोलतात, एक राबतो आणि दोघं खातात. मागच्या वर्षी शेवटचा टप्पा बघता बघता तो म्हणाला, "दादा, वाटणी करून टाकू. तुम्ही किती दिवस ढकलणार?" मी म्हणलं, आधी बेदाणा आत घे, आभाळ आलंय. तेव्हा एवढंच सुचलं.

त्याला ख्रिस्तोफ सॉसर आवडतो. स्वित्झर्लंडचा गडी, पाच वेळा ही शर्यत जिंकलेला. २०११ आणि २०१२ ला त्याचा जोडीदार होता बरी स्टँडर, तिथलाच, दक्षिण आफ्रिकेचा पोरगा. लंडन ऑलिंपिकमध्ये पाचवा आला होता. जानेवारी २०१३ मध्ये सराव करताना गाडीनं उडवलं आणि पंचविसाव्या वर्षी गेला. दोन-अडीच महिन्यांनी शर्यत होती. सॉसर यारोस्लाव कुल्हावीला घेऊन उतरला आणि जिंकला. कुल्हावी म्हणजे लंडनचा सुवर्णपदकवाला, त्याच शर्यतीत स्टँडर पाचवा होता. धाकटा म्हणतो, जिंकल्यावर त्याला कुणाची आठवण आली असेल ते सांगायला नको.

मला पुढच्यांपेक्षा मागचे बघायला आवडतात. पुढचे लोक शंभर किलोमीटर चार-पाच तासांत मारून मोकळे होतात. मागं डॉक्टर, दुकानदार, पन्नाशी ओलांडलेले लोक, नऊ-दहा तास उन्हात. ठरलेल्या वेळेत पोचलं नाही तर बाहेर. त्यांच्या तोंडावरची धूळ आणि मीठ बघितलं की ऑक्टोबर छाटणीनंतर सलग पंधरा दिवस फवारणी केलेला माणूस आठवतो. तीन वेळा शर्यत पूर्ण केली की त्यांना 'अमाबुबेसी' म्हणतात, झुलू भाषेत सिंह. द्राक्षवाल्याला तीन हंगाम सरळ गेले तर त्याला काय म्हणावं हे अजून कुणी ठरवलं नाही!

वाटणीचं बोलणं पाडव्याला होणार होतं. शेडवर अजून माल होता म्हणून ते अक्षय्य तृतीयेवर गेलं. पुतण्याला वेगळं हवंय, माझ्या घरातही दोन मतं आहेत. वरची एकर आणि विहीर कुणाकडं, हा खरा गुंता आहे. काय होईल ते लिहीन.

तोपर्यंत खरड छाटणी धरलीय. टोळी ठरली, शेणखत पडलं, माती परीक्षणाचा रिपोर्ट धाकट्यानं काल आणला. चुनखडी वाढलीय, गंधकाचं प्रमाण ठरवायचंय. त्याचे आकडे उद्या टाकतो, जाणकारांनी मत द्यावं. आणि सायकल शर्यत बघणारा अजून कुणी द्राक्षवाला असेल तर कमेंटमध्ये हात वर करा.