हंसण्याची परवानगी

रात्रीं घरांतील मंडळी निजावयास गेली, कीं आम्ही चोरट्या पावलांनीं दूरचित्रवाणीपुढें येऊन बसतों. या वयांत असलें व्यसन जडावें याची आम्हांस लाज वाटते. पण लाज वाटली म्हणून व्यसन सुटल्याचें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. हें व्यसन 'थर्टी रॉक' या अमेरिकन विनोदी मालिकेचें. २००६ पासून २०१३ पर्यंत एनबीसी कंपनीनें ती दाखविली. प्रेक्षक बेताचेच लाभले. पण २००७, २००८ आणि २००९ अशीं लागोपाठ तीन वर्षें उत्कृष्ट विनोदी मालिकेचें एमी पारितोषिक तिनेंच नेलें.

कथानक तें काय? न्यूयॉर्कांतील रॉकफेलर प्लाझाची ३० क्रमांकाची इमारत; तिच्यांत एनबीसीचेंच कार्यालय; आणि तेथें दर आठवड्यास एक हास्यकार्यक्रम कसाबसा उभा करणारी लेखकांची टोळी. टोळीची नायिका लिझ लेमन. ती भूमिका करणारी टीना फे हीच मालिकेची जननी, आणि पूर्वी ती याच इमारतींतल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'ची प्रमुख लेखिका होती. म्हणजे आपल्याच चुलीवर करपलेला भात तिनें चारचौघांना वाढला! लिझचा वरिष्ठ जॅक डोनागी याच्याकडे दूरचित्रवाणी आणि मायक्रोवेव्ह भट्ट्या या दोहोंचा कारभार एकत्र सोंपविलेला आहे. ही निव्वळ अतिशयोक्ति म्हणावी, तर एनबीसीची मुख्य मालकी त्या वेळीं खरोखरच जनरल इलेक्ट्रिककडे होती. पुढें कॉमकास्ट या केबलवाल्या कंपनीनें ती घेण्याचें ठरविलें (तो व्यवहार २०११ मध्यें पुरा झाला), तशी मालिकेंतही 'केबलटाउन' नांवाची नवी धनीण अवतरली.

धन्याच्या पैशानें धन्याचीच थट्टा! कोणी याला धैर्य म्हणतील. आम्हांस मात्र शंका येते, कीं धनी एवढे उदार कां होतात? हंसून मोकळा झालेला चाकर बंड करीत नाहीं, हें तर त्यांस ठाऊक नसेल? लिझ जॅकची टर उडविते आणि अखेर त्याच्याच खोलींत सल्ला विचारावयास जाते.

ही शंका आम्हांस स्वानुभवानें आली आहे. आमची हयात एका कचेरींत गेली. साहेबांची नक्कल करण्यांत आमचा हातखंडा असे. एके दिवशीं एका सहकाऱ्यावर ठपका ठेवणारा कागद आमच्या सहीसाठीं आला. ठपका खोटा आहे, हें आम्ही जाणत होतों. दुपारीं चहाच्या वेळीं आम्ही साहेबांची अशी नक्कल केली, कीं मंडळी पोट धरून हंसली. तो सहकारीही हंसला. आणि सायंकाळीं आम्ही त्या कागदावर सही केली.

लिझ आम्हांस आवडते ती याचसाठीं. दुसऱ्यास हंसतां हंसतां ती स्वतःस वगळीत नाहीं. तिचा भित्रेपणा, तिची खादाडी, तत्त्वांशीं तिनें केलेली तडजोड, सारें तिच्या थट्टेंत येतें. चिं. वि. जोशी यांचे चिमणरावही स्वतःची फजिती स्वतःच सांगत. आमच्या नकलेंत साहेब होते. आम्ही कोठेंच नव्हतों.

परवां नातवानें नकलेचा हट्ट धरला. आम्ही साहेबांस सोडलें आणि चष्मा पुसून, इकडेतिकडे पाहून, घाईनें सही करणारा कारकून करून दाखविला. पोरगा खदखदून हंसला. म्हणाला, "आजोबा, पुन्हां करा ना!"

पुन्हां करणें मात्र आम्हांस जमलें नाहीं.