भिंत कोणाची?

एखाद्या नगराची ओळख करून घ्यावयाची असेल, तर त्याच्या भिंतींकडे पाहावे, असे मला वाटते. माणसे परक्यापुढे जपून बोलतात. भिंतींना तो संकोच नसतो. मात्र भिंतीचे बोलणे ऐकताना आम्हां वकिलांना आधी एकच प्रश्न सुचतो : ही भिंत कोणाची?

उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात कामानिमित्त जाण्याचे प्रसंग मला वारंवार येतात, आणि काम आटोपले की होळकरांच्या ह्या नगरीत मी पायी हिंडतो. उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणे, उद्यानांच्या भिंती, जिकडे पाहावे तिकडे चित्रे आहेत. 2017 पासून केंद्र सरकारच्या स्वच्छता-सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले आले, आणि त्या यशाची गाथाच जणू ह्या भिंतींवर रंगविलेली आहे. हिरव्या डब्यात ओला कचरा टाकावा, निळ्या डब्यात सुका, झाडे लावावी, पाणी जपावे, मुलींना शिकवावे. ह्यांतला एकही उपदेश खोटा नाही, आणि रस्ता खरोखरीच स्वच्छ आहे. परंतु चार-सहा रस्ते चालून गेल्यावर ध्यानात येते की, हे सारे बोलणे वरून खाली येते. नागरिकाने काय करावे हे भिंत सांगते. नागरिकाला काय म्हणावयाचे आहे, ते तिच्यावर कुठेच नाही. शिडीवर चढून रंगकाम करणाऱ्या एका चित्रकाराला मी विचारले, “विषय कोण सुचवितो?” तो हसून म्हणाला की, विषय कचेरीतून येतो, रंग तेवढे आपले.

त्याच्या उत्तरामागे कायदाही उभा आहे. मध्य प्रदेशात 1994 पासून मालमत्तेच्या विद्रूपीकरणास आळा घालणारा अधिनियम आहे. मालकाच्या लेखी अनुमतीवाचून, लोकांच्या दृष्टीस पडणाऱ्या मालमत्तेवर शाईने, खडूने वा रंगाने काही लिहिणे हा त्यान्वये अपराध ठरतो. निवडणुकीच्या दिवसांत ज्याची नुकती रंगविलेली भिंत घोषणांनी भरून गेली असेल, तो गृहस्थ ह्या कायद्याला दुवाच देईल. तरी त्याचा एक परिणाम उघड आहे. ज्याची भिंत, त्याचा शब्द. मग ज्याला भिंतच नाही, त्याने आपले म्हणणे कोठे मांडावे?

जुन्या काळी हा प्रश्न फारसा पडत नसे. माळव्यात पितृपक्षात कुमारिका घराच्या भिंतीवर शेणाने संजा काढतात, ती फुलापानांनी सजवितात आणि सायंकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात. भिंत घरची आणि मुलीही घरच्याच. आपल्या गोव्याकडील आणि कारवारकडील देवळांच्या भिंतींवर कावीची तांबडी चित्रे आहेत, तीही देवळाच्या आश्रयानेच निर्माण झाली. इंदूरच्या कापडगिरण्यांतील कामगाराला मात्र ना अशी भिंत होती, ना असा आश्रय. त्याने निराळाच मार्ग शोधला. त्याने भिंतीला चाके लावली.

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात निघणाऱ्या झांक्या म्हणजे ह्या चालत्या भिंती होत. शिगम्याचे चित्ररथ पाहिलेल्या वाचकांना त्यांची कल्पना सहज येईल. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी अशा गिरण्यांच्या कामगारांनी सुमारे शंभर वर्षांपासून ही परंपरा चालविली आहे. गणपतीच्या विसर्जनाचे निमित्त, दिव्यांचा झगमगाट, हलत्या मूर्ती, पुढे आखाड्यांचे खेळ, आणि दुतर्फा रात्रभर जागणारे नगर. एका गाडीवर रामकथेतील वा कृष्णलीलेतील प्रसंग असावा आणि मागून येणाऱ्या गाडीवर आजच्या संसारातला एखादा विषय, अशी ही सरमिसळ. देवाच्या सोबतीने निघालेल्या ह्या मिरवणुकीत कामगाराचे कौशल्य आणि त्याचे म्हणणे राजवाड्यापर्यंत जाऊन पोहोचत असे.

पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात एकेक करून गिरण्या बंद पडल्या. पगार थांबले, झांक्या थांबल्या नाहीत. वर्गणी गोळा करून, कुणाकुणाचे साहाय्य घेऊन बंद गिरण्यांचे कामगार आपली गाडी रस्त्यावर आणीत राहिले. त्या गाडीवर देखावा कोणताही असो, बंद गिरणीचे नाव लावून ती राजमार्गावरून जात होती, हेच समाजावरचे सर्वांत तीव्र भाष्य होते. हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी सुमारे 224 कोटी रुपये 25 डिसेंबर 2023 रोजी देण्यात आले. तोवर तीन दशके उलटली होती आणि कित्येक हक्कदार हे जग सोडून गेले होते. आमच्या व्यवसायाच्या वाटेने न्याय इतक्या सावकाश आला. तेवढा काळ कामगारांनी वर्षातून एक रात्र रस्त्यावर उभे राहून साक्ष दिली, आणि तिला कोणत्याही कचेरीची मोहोर लागली नाही.

आता त्या पिढीचे हात थकले आहेत, आणि रंगविलेल्या भिंती मात्र दरवर्षी वाढत आहेत. स्वच्छतेचा धडा देणारी भिंत नगराला हवीच. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्या नगरात केवळ अनुमती मिळालेली भिंतच बोलते, ते नगर हळूहळू आपल्याच स्तुतीची सवय लावून घेते. म्हणून अनंत चतुर्दशीला कधी इंदुरास असाल, तर पहाटेपर्यंत जागे राहा, आणि गिरणीचे नाव घेऊन येणारी एखादी गाडी दिसली, तर तिला वाट करून द्या.