मी फार्महाऊसच्या पक्षात गेलो

आमच्या घराण्यात सहलीच्या बाबतीत दोन पक्ष आहेत: धबधब्याचा आणि फार्महाऊसचा. भिवपुरीबद्दल मात्र एकमत. डोंबिवली-बदलापूरचे लोक कर्जत लोकलने भिवपुरी रोडला उतरतात, पुणेकर कर्जतला उतरून बटाटेवडा खाऊन येतात. वाद पुढचा. शेतांच्या बांधावरून आषाण्याच्या धबधब्याकडे चालत निघायचं, की रिक्षा करून कुठल्यातरी स्विमिंग पूलच्या कडेला खुर्च्या टाकून बसायचं?

मी धबधबा पक्षाचा पुढारी होतो. फार्महाऊस म्हणजे सहल नव्हे, शहरच उचलून शेतात आणून ठेवलेलं, असं मी ठासून सांगायचो. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं असा महाराष्ट्रात कायदा, आणि इथे रांगेने बंगले, प्रत्येक फाटकामागे एक ‘शेतकरी’ आणि त्याचा निळा पूल, हा माझा आवडता विनोद. आम्ही लहानपणी चिखल तुडवत जायचो, पोळी-भाजीचे डबे पावसात उघडायचो, ते खरं. त्या डब्यांतली पोळी-भाजी पहाटे चारला उठून कुणी केली, हे मात्र त्या आठवणीत कधी यायचं नाही.

माझं मत आत्यामुळे बदललं. पंचाहत्तरीला टेकलेली बाई, आयुष्यभर या सहलींना आली, कधी तक्रार नाही. एकदा फार्महाऊसवाल्यांशी माझी हुज्जत चालू असताना मी तिलाच पंच नेमलं. “आत्या, तूच सांग, तेव्हाची मजा यांना कळेल का?” ती म्हणाली, “तुमची मजा मला नको विचारूस रे. त्या दिवशी मी सकाळचा चहासुद्धा घ्यायची नाही. पाणी प्यायलं तर जायचं कुठे?”

मग काकू बोलली, मोठी मावशी बोलली, माझी बायकोही बोलली. लोकलमध्ये संडास नसतो, धबधब्यावर नसतो. पुरुष कुठल्याही झाडाकडे पाठ फिरवून मोकळे. बायकांनी ओल्या साड्या सावरत आडोसा शोधायचा, एकीने पहारा द्यायचा, आणि तेवढ्यात हमखास कॉलेजच्या पोरांचा घोळका यायचा. पाळी असली तर ‘अंग दुखतंय’ म्हणून घरीच राहायचं. मला हे पन्नाशीत कळत होतं. त्या रात्री चर्चा बरीच लांबली, आणि तिच्यात माझं असं एकही वाक्य नव्हतं.

तरी मी लगेच पक्ष सोडला नाही. ‘निसर्ग’ नावाचा माझा हुकमी पत्ता शिल्लक होता: पूल कृत्रिम, धबधबा नैसर्गिक. तो पत्ता बदलापूरच्या काकांनी काढून घेतला. खरं भिवपुरी गाव स्टेशनपासून लांब, सह्याद्रीच्या पायथ्याशी. तिथलं टाटांचं वीजघर १९२२पासून चालू आहे. घाटमाथ्यावर, मावळात, आंध्रा नदी अडवून केलेल्या ठोकरवाडीच्या तलावाचं पाणी डोंगर उतरून तिथली टर्बाइन्स फिरवतं. मग तेच पाणी राजनाल्याने शेतांना मिळतं, पेज नदीतून उल्हास नदीला जातं आणि बदलापूर-अंबरनाथच्या नळांत येतं. म्हणून तर कर्जत तालुक्यात ऐन उन्हाळ्यात भाताची हिरवी खाचरं दिसतात. “तुझी ही बारमाही नदी मुळात पुण्याकडे, भीमेला जाणारं पाणी आहे,” काका म्हणाले. “इथे नैसर्गिक किती नि कृत्रिम किती, तू ठरवत बस.”

आणि मग ३० जून २०२४. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका सहलीला आलेल्या कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं मोबाइलच्या पडद्यावर सगळ्यांनी पाहिली. आमच्याही अल्बमात तसाच फोटो आहे, भिवपुरीचा: एका खडकावर तीन पिढ्या, हात धरून. रायगडात पावसाळ्यात धबधब्यांवर मनाई आदेश निघतात, तेव्हा ‘अतिरेक आहे’ म्हणणाऱ्यांत मी असायचो. आता म्हणत नाही. ट्रेकर मंडळी दोर बांधून तिथे उतरतात, ती गोष्ट वेगळी. आजी-नातवंडं घेऊन दोर बांधता येत नाही.

आता आम्ही थंडीत जातो, फार्महाऊसवर, पोपटीच्या मोसमात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा. तोंडही पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. आत्या खुर्चीवर बसून हुकूम सोडते, सकाळपासून तिसरा चहा मागते. जाळ कधी काढायचा यावर पुणेकर आणि डोंबिवलीकर भांडतात. आत्याचं बोलणं मी पूर्वी कधी इतकं ऐकलं नव्हतं. धबधब्यावर ऐकूच यायचं नाही, आणि तिला बहुधा परत निघायची घाई असायची.

डीजे, कुंपणं, गेलेली भातशेती, यांबद्दलची माझी चिडचिड अजून आहे, ती कुणी काढून घेऊ नये. त्यात एक नवी भर पडली आहे. गेल्या खेपेला आत्याने स्वयंपाकघरात डोकावून तिथल्या बाईंना विचारलं, “किती वाजता उठलात?” “चारला,” त्या म्हणाल्या. दिवसाचे किती मिळतात तेही आत्याने विचारून घेतलं आणि बाहेर येऊन आकडा सगळ्यांना ऐकवला. मडक्याभोवतीची भांडणं थोडा वेळ थांबली.

बुकिंगचं काम आता माझ्याकडे आहे. फोनवर मालकाला मी दोन गोष्टी विचारतो: कमोड किती आहेत, आणि स्वयंपाकाच्या बाईंना पॅकेजमधून काय जातं. पहिल्याचं उत्तर ताबडतोब, फोटोंसकट येतं.