कोणत्या तोंडानं येऊ?

उपवासकाळाचे चाळीस दिवस आणि मोहफुलांचा हंगाम आमच्या भंडाऱ्याकडे एकमेकांत शिरतात. साकोली-लाखांदूरकडच्या जंगलपट्ट्यात बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा साफ केलेली असते, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. ऊन चढायच्या आत वेचायचं, अंगणात वाळवायचं. टंचाईच्या महिन्यांत हेच फूल पोटाला आधार देतं आणि याच फुलाची दारूही निघते. फुलात पाप नाही. ज्या घरात दारूनं वाटोळं झालं, त्या घरातल्या बायाही दुसऱ्या दिवशी तेच फूल वेचायला जातात, कारण त्याचे पैसे होतात.

मोह बहुतेक वेळा चांगल्या वस्तूच्याच वाटेनं येतो, हे मंडळीतल्या पोरांना सांगताना मला मोहाच्या झाडापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

*

अरण्यातली परीक्षा. चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूपुढे सैतान पहिल्यांदा काय ठेवतो? भाकर. भुकेल्यानं भाकर खाण्यात वाईट काहीच नव्हतं. दुसऱ्या खेपेला तर सैतान शास्त्रातलं वचनच पुढे करतो. येशूची तिन्ही उत्तरं अनुवादाच्या पुस्तकातली आहेत, आणि तीही त्या भागातली जिथे इस्राएल लोकांच्या चाळीस वर्षांच्या रानातल्या भटकंतीची आठवण दिलेली आहे. म्हणजे ते लोक ज्या ठिकाणी पडले, तिथेच तो उभा राहिला.

योसेफाची गोष्ट याच्या शेजारी ठेवावी. पोटीफराच्या बायकोनं वस्त्र धरलं तेव्हा त्यानं वाद घातला नाही, ते तिच्या हातात सोडून तो पळाला. काही मोहांपुढे उभं राहायचं असतं, काहींपुढून पळायचं असतं. आजकाल रात्री अंथरुणात मोबाइलवर पैसे लावून खेळणाऱ्या पोरांना मी दुसरा उपाय सांगेन. रात्री फोन आईच्या उशाशी ठेव. यात कमीपणा काही नाही, योसेफानंही पळच काढला होता.

*

उत्पत्तीचा तिसरा अध्याय पुन्हा वाचला. फळ खाल्ल्यावर आदाम आणि हव्वा पहिल्यांदा काय करतात? अंजिराची पानं शिवतात, मग झाडांत लपतात. देव अजून एक शब्दही बोललेला नाही. शिक्षा तर पुढेच आहे. लाज मात्र आधीच येऊन बसली आणि तिनं आपलं काम सुरूही केलं.

देवाचा पहिला शब्द आरोपाचा नाही. तू कुठे आहेस, असं तो विचारतो. आणि अध्यायाच्या शेवटी, त्यांना बागेबाहेर पाठवण्याआधी, तो स्वतः त्यांना चामड्याची वस्त्रं करून घालतो. शिक्षा टळली नाही, पण उघडंही पाठवलं नाही. हे वचन आपल्या उपदेशांत फार कमी येतं. सर्पावर तासभर बोलणारे पाळक मी ऐकलेत. त्या वस्त्रांवर दहा मिनिटं तरी बोलावं, असं मनापासून वाटतं.

हीच कथा फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराणा'त मराठी ओवीत आणली. ते पुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. पाप आणि तारण यांची ही गोष्ट ओवीत ऐकणारे लोक महाराष्ट्र-गोव्यात चारशे वर्षांपूर्वीही होते.

*

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जायचा. स्टील आलं आणि तो धंदा आटला, तरी जुन्या घरांत पितळी गंज अजून निघतात. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं. ताक वाईट नसतं, भांडंही मोडीत काढण्याजोगं नसतं. कल्हईवाला ते वाळूनं घासतो, भात्याच्या भट्टीवर लालसर तापवतो, नवसागराची पूड टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं आतून एका दमात फिरवतो. भांडं पाण्यात बुडवलं की चर्र होतं आणि आत चांदीसारखी झळाळी येते. ती कायमची नसते. वापरात पुन्हा उडते, पुन्हा लावावी लागते.

पश्चात्तापाबद्दल हेच म्हणायचं आहे. एकदा कन्व्हेन्शनमध्ये हात वर केला, रडलो, झालं, असं तो नसतो. तो पुन्हा पुन्हा करायचा असतो, आणि पुन्हा करावा लागला म्हणून पहिला खोटा ठरत नाही.

*

"कोनत्या तोंडानं येऊ जी देवळात?"

हे वाक्य या भागात किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल. दारू सोडून पुन्हा धरलेला माणूस. लग्न मोडलेली बाई. वर्गणीच्या हिशेबात घोळ झाला म्हणून तीन वर्षं उपासनेला न आलेला जुना सभासद. पाप प्रत्येकाचं वेगळं, काहींचं तर पापही नव्हतं, पण वाक्य एकच.

देव काय म्हणेल याची भीती या माणसांना फारशी नसते. पहिल्या बाकावरचे काय म्हणतील, याची असते. पाप माणसाला देवापासून एका दिवसात दूर नेतं, आणि लाज त्याला तिथेच वीस वर्षं ठेवते. आमच्या मंडळ्यांना हे अजून नीट उमगलेलं नाही. पाप ओळखायला आम्ही छान शिकवलं, घरी कसं यायचं ते फार थोडं शिकवलं.

*

यहूदा आणि पेत्र. दोघांनी एकाच रात्री धन्याला सोडलं. नेहमी शिकवतात ते असं, की पेत्र रडला आणि वाचला, यहूदा निराश झाला आणि संपला. मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय मात्र सावकाश वाचावा. यहूदाला पस्तावा झाला. तीस नाणी घेऊन तो परत गेला, आणि गेला तोही धर्मगुरूंकडेच. मी पाप केलं, निर्दोष माणसाला धरून दिलं, असं त्यानं स्पष्ट कबूलही केलं. पस्तावा, कबुली, पैसे परत, तिन्ही गोष्टी त्यानं केल्या. समोरच्यांनी काय उत्तर दिलं? त्याचं आम्हाला काय, तुझं तू पाहा.

मंदिरात येऊन पाप कबूल करणाऱ्याला मंदिरातल्यांनी हे उत्तर दिलं. मग तो नाणी तिथेच टाकून निघाला आणि त्यानं गळफास घेतला. यहूदाचा अपराध लहान करायचा नाही. पण त्या दिवशी कबुली ऐकणाऱ्यांचाही एक अपराध घडला, आणि त्यावर उपदेश होत नाहीत.

त्या याजकांनी नाणी उचलून मात्र घेतली. रक्ताचं मोल आहे, देवाच्या भांडारात चालणार नाही, म्हणून कुंभाराचं शेत विकत घेतलं. हिशेब चोख ठेवला, माणूस गेला.

*

पेत्राचं काय झालं ते योहान सांगतो. मुख्य याजकाच्या अंगणात थंडी होती, नोकरांनी कोळशाचा विस्तव केला होता, पेत्र त्यात शेकत उभा होता आणि तिथेच त्यानं तीनदा नाकारलं. पुढे पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी शिष्य किनाऱ्याला लागतात तर पुन्हा कोळशाचा विस्तव, वर मासळी, शेजारी भाकर. आधी येशू त्यांना जेवू घालतो. जेवण झाल्यावर पेत्राला विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि तेही तीनदा. त्या रात्रीचा उल्लेख नाही, चारचौघांत खडसावणं नाही. प्रत्येक उत्तरापाठोपाठ मेंढरं सांभाळायचं काम मिळतं.

आमच्याकडे परत आलेल्याला आधी सहा महिने मागच्या बाकावर बसवतात.

*

नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी वरठीवरून जाते. वरठी म्हणजेच भंडारा रोड स्टेशन. १८९३च्या सुमारास याच मार्गावरून जाताना नारायण वामन टिळकांना डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. बोलणं आपुलकीचं झालं, आणि उतरताना त्यानं नव्या कराराची प्रत हातात दिली. वाचत वाचत टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मला त्या मधल्या काळाचं फार वाटतं. मन एकीकडे गेलेलं, घरदार दुसरीकडे, आणि मधे समाजाची लाज. बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते 'स्मृतिचित्रे'त आहे. त्या पुस्तकात टिळकांचा संतापी स्वभावही आहे, त्यांचं सोडून जाणंही आहे, आणि दोघांचं पुन्हा एका घरात येणंही. पुढे लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला देव करून त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या ख्रिस्ती घरांत साक्ष द्यायची म्हणजे जुनं आयुष्य काळंकुट्ट आणि नवं पांढरंशुभ्र दाखवायची रीत पडली आहे. लक्ष्मीबाईंची साक्ष त्या रीतीची नाही, म्हणून ती खरी वाटते.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. स्वतःला पतित म्हणवून देवाच्या दारात उभं राहणं मराठी माणसाला मिशनऱ्यांनी नव्यानं शिकवलं असं नाही. वारीच्या वाटेवर ते शतकानुशतकं चालत होतं.

*

पंडिता रमाबाई इंग्लंडात असताना वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला, समाजानं टाकलेल्या बायकांसाठी चालवलेलं काम बघायला नेलं. या बायकांची इतकी काळजी का घेता, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली. पाच नवरे झालेली, भर दुपारी एकटी विहिरीवर येणारी ती बाई. येशू तिच्याकडे पाणी मागतो. रमाबाईंचं मन तिथे वळलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांचा आणि मुलीचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी कृपासदन काढलं, ते अशाच बायकांसाठी. ज्यांना गावानं टाकलं त्यांच्यासाठी नुसतं वचन पुरत नाही. खोली लागते, धान्य लागतं, शिकायला काही लागतं.

जून १९०५ मध्ये मुक्तीत जागृती झाली. मुली रडत, पापं कबूल करत, रात्ररात्र प्रार्थना करत. त्या रडण्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या मुलींना रडायला सुरक्षित जागा रमाबाईंनी कितीतरी आधीपासून बांधत आणली होती, हे मला त्याहून मोठं वाटतं.

*

जकातदार जक्कय. धान खरेदीच्या दिवसांत ही गोष्ट आमच्याकडे जरूर सांगावी. काट्यात मारणाऱ्याचं, ओलाव्याच्या नावाखाली जास्तीचे किलो कापणाऱ्याचं पाप कुणी देवळात बोलून दाखवत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात लुबाडलेल्याची भरपाई म्हणजे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. जक्कय चौपट परत देतो आणि अर्धी मालमत्ता गरिबांना. एक मात्र विसरू नये, येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आधी गेला, पैसे नंतर निघाले.

*

पाप नसताना येणारी लाज. कुष्ठरोग भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातून अजून गेलेला नाही. औषधानं बरा होतो, तरी चट्टा दिसला की माणूस लपवतो. कर्ज थकलेला शेतकरी बँकेच्या माणसाला पाहून मागच्या दारानं निघतो. नापास झालेली पोरगी मावशीकडे राहायला जाते. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही. कुष्ठरोग्याला त्यानं नुसता शब्द दिला नाही, हात लावला. अशा माणसाला पश्चात्ताप शिकवणं हा अन्याय आहे. त्याच्याकडून काही कबूल करून घ्यायचं नसतं, त्याच्या शेजारी बसायचं असतं.

*

लूकचा पंधरावा अध्याय. डुकरांजवळ बसून धाकटा मुलगा बापापुढे म्हणायचं भाषण तयार करतो. त्यात तीन गोष्टी आहेत. मी पाप केलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही. मला गडी म्हणून ठेवा. घरी पोचल्यावर पहिल्या दोन तो म्हणतो. तिसरी म्हणायला बाप त्याला सवडच देत नाही, झगा आणा, अंगठी आणा, जोडे आणा म्हणून हाका सुरू होतात. गडी म्हणून राहण्याची परवानगी त्या घरात मिळत नाही. आणि बाप धावला. गावात मानानं वागवला जाणारा म्हातारा सर्वांदेखत धावतो, म्हणजे लाज त्यानं स्वतःवर घेतली.

थोरला शेतातून आला आणि दाराबाहेर थांबला. बाप त्याच्यासाठीही बाहेर आला. एकाच दिवशी दोनदा बाप घराबाहेर पडला, दोन वेगवेगळ्या मुलांसाठी. थोरला आत गेला की नाही, ते लूक सांगत नाही.

*

१८४५ साली स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले, आणि त्या स्कॉटिश मिशनचं काम पुढे वैनगंगेपर्यंत, भंडाऱ्यापर्यंत पोचलं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची एकी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली. इतक्या जुन्या मंडळ्यांच्या नोंदवह्याही जुन्या असतात, आणि त्यांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत येणं बंद झालेल्यांची नावं असतात. काही तुमसरला, काही पवनीला, काही दोन गल्ल्या पलीकडे. या उपवासकाळात ती नावं कागदावर उतरवावीत आणि दोघादोघांनी वाटून घ्यावीत. घरी जावं, चहा घ्यावा, पोराबाळांची विचारपूस करावी. इतकी वर्षं का आला नाहीत, हे विचारू नये. वर्गणीचं पावतीपुस्तक सोबत नेऊ नये. पुनरुत्थानाच्या रविवारी उपासना किती वाजता आहे ते सांगावं, आणि आम्ही घ्यायला येऊ असं म्हणावं, म्हणजे दारातून आत यायची वेळ त्यांच्यावर एकट्यानं येणार नाही.