भंगारातली राजदूत आणि अब्बांचा एक प्रश्न

आम्ही दोघे भाऊ. थोरला शाळेत मास्तर, धाकट्याचं यवतमाळात वेल्डिंगचं छोटंसं दुकान. लहानपणापासून आम्हा दोघांना एकच वेड, मोठ्या इंजिनाची जुनी जपानी मोटारसायकल. बहिणीचं लग्न, मुलांच्या फिया, घराचा स्लॅब हे सगळं उरकेपर्यंत ते वेड आम्ही गुंडाळून ठेवलं होतं. शेवटी भिशीचे आणि बाजूला टाकलेले मिळून एक लाख वीस हजार जमले.

आपल्याकडे अशी गाडी म्हटली की पहिलं नाव निघतं ते राजदूत 350 चं. मूळ गाडी यामाहाची आरडी 350. एस्कॉर्ट्स कंपनीने परवाना घेऊन ती भारतात बनवली आणि 1983 मध्ये बाजारात आणली. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर. आधीच्या गाड्यांची ताकद 30.5 अश्वशक्ती होती. पुढे पेट्रोल वाचावं म्हणून ती 27 वर आणली. तरीही गाडी पेट्रोल प्यायचीच. किंमत जास्त, सुटे भाग मिळेनात. 1985 मध्ये 100 सीसीची हिरो होंडा आली आणि लोक ॲव्हरेजकडे वळले. 1990 च्या सुमारास ही गाडी बंद पडली. आता मात्र शौकीन तिच्यासाठी लाखात पैसे मोजतात.

दारव्ह्याला एका घरी ती पडून आहे, असं दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडून कळलं. गेलो. जिनिंगमधल्या एका फिटरची ती गाडी. ते वारून चार वर्षं झाली होती. काकू एकट्याच. गोठ्यात फाटक्या ताडपत्रीखाली गाडी उभी, टायर जमिनीला चिकटलेले, टाकीवर कोंबड्यांची घाण. पण इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसी बुकाशी जुळत होते, दोन्ही सायलेन्सर मूळचेच होते.

काकू म्हणाल्या, "भंगारवाला आठ हजार म्हणते. तुमी पाहा बाबू काय देता ते."

त्यांच्या लेखी राजदूत म्हणजे राजदूत, दूधवाल्यांकडे असते ती 175 सीसीची. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि पंधरा हजार बोललो. काकू खूश झाल्या. दोन हजार इसार दिला, चहा घेतला आणि निघालो. यवतमाळ येईपर्यंत आमचं हसू थांबत नव्हतं.

मगरीबनंतर अब्बांना सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तिला खरा भाव माहीत असता, तर तिने या पैशात दिली असती का?"

आम्ही बाजू मांडली. आम्ही खोटं बोललो नाही. तिने विचारलं नाही. भंगारवाल्याच्या जवळपास दुप्पट देतोय. अब्बांनी वाद घातला नाही. "मी एवढंच विचारलं," म्हणाले आणि जेवायला बसले. त्या रात्री आम्ही दोघेही गच्चीवर उशिरापर्यंत जागे होतो. उत्तर आम्हाला माहीत होतं, म्हणूनच झोप येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी परत दारव्ह्याला गेलो. काकूंना सांगितलं, की ही गाडी चालू करून विकली तर लाखाच्या वर जाते. अशी बंद पडलेली असली तरी पंधरा हजारांची नक्कीच नाही. काकू आधी घाबरल्या. काहीतरी भानगड आहे असंच त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी पुण्याच्या मुलाला फोन लावला. त्याने दोन दिवस चौकशी केली. शेवटी सत्तर हजार ठरले.

मालक वारलेला असला की गाडी सरळ विकत घेता येत नाही. आधी नमुना 31 भरून ती काकूंच्या नावावर केली, मग 29 आणि 30 भरून आमच्या नावावर. नोंदणीची मुदत संपली होती, ती नमुना 25 वर वाढवून घेतली. यात काही महिने गेले.

हातात आता पन्नास हजारही उरले नव्हते. आमच्या डोक्यात होतं काय, तर खाली वळलेलं हँडल, एकट्यापुरती कापलेली सीट, मोठा आवाज करणारे चेंबर. पैसे आटले तेव्हा डोकंही ताळ्यावर आलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलं. नोंदीतल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. सीट कापायची गोष्ट काढली तेव्हा अम्मी म्हणाली, "मग मी कुठं बसू?" सायलेन्सरचं तर आमचं आम्हालाच कळलं. गल्लीत आजारी माणसं आहेत, तान्ही मुलं आहेत.

मग गरजेचंच केलं. पडून राहून क्रँकचे ऑइल सील सुकले होते, ते बदलले. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन बसवले. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, भारतातल्या गाडीला ड्रमच दिला. म्हणून नवे ब्रेक शू घातले आणि वेगाची हाव सोडली. शौक म्हणून धाकट्याने मागे स्वतःच्या हाताने एक कॅरियर बनवलं, नटबोल्टवर निघणारं. टाकीचा रंग आहे तोच पॉलिश केला.

गाडी चालू झाली त्या रविवारी आम्ही ती दारव्ह्याला नेली. आवाज ऐकून काकू फाटकापर्यंत आल्या. बराच वेळ सीटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. त्यात पेपरात गुंडाळलेल्या पिस्टन रिंगा, केबली, दोन पाने. फिटरकाकांनी जपून ठेवलेले.

"हे बी तिचंच हाय," काकू म्हणाल्या आणि हसल्या. "महागाचं असन तं आधीच सांगा."

आम्ही तिथेच ओसरीवर बसून एकेका वस्तूचा भाव त्यांना सांगितला.